जाहिरातीचा ठसा व इतिहासाची साक्ष : ‘आंट जेमायमा’ या व्यापारी चिन्हाचें परीक्षण

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या मंडळींच्या हातून कागदांची एक निवड नकळत होत असते. सनदा, महजर, वंशावळी, खासगी पत्रें, हिशेबाचीं दप्तरें हीं रुमालांत बांधून जपलीं जातात. आणि डब्यांवरचे रंगीत कागद, दुकानदारांनीं मालाबरोबर फुकट वांटलेले चित्रांचे पत्ते, मासिकांतलीं जाहिरातींचीं पानें हीं रद्दींत जातात. ही निवड इतिहासाच्या दृष्टीनें घातक आहे, असें आमचें मत आहे. ज्या समाजाच्या हातीं छापखाना नाहीं, वर्तमानपत्र नाहीं व बाजारांत ज्याच्या शब्दास वजन नाहीं, अशा अल्पसंख्य समाजाचें रूप बहुसंख्य लोकांच्या मनांत कोणी व कसें उमटविलें, याचा सर्वांत मुबलक पुरावा या रद्दींतच सांपडतो. तो पुरावा कसा वाचावा याचें विवेचन करण्याकरितां आम्ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक प्रसिद्ध उदाहरण येथें घेतलें आहे. त्या देशांत असे कागद विपुल जपले गेले असून त्यांची छाननीही पुष्कळ झाली आहे. त्यामुळें आमच्यासारख्या संग्राहकांस त्यापासून शिकण्यासारखें आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. एखाद्या समाजाविषयीं मनांत घट्ट बसलेल्या ठरीव प्रतिमेस इंग्रजींत ‘स्टीरिओटाइप’ म्हणतात. हा शब्द मूळचा छापखान्यांतला. जुळविलेल्या खिळ्यांच्या पानाचा साचा घ्यावयाचा, त्यांत धातु ओतावयाचा, आणि त्या अखंड पत्र्यावरून हव्या तितक्या प्रति काढावयाच्या, अशी ती पद्धति. तिला हें नांव १८ व्या शतकाच्या अखेरीस फर्मां दिदो या फ्रेंच मुद्रकानें दिलें. मनांतील ठरीव समजुतींच्या अर्थीं हा शब्द वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकारानें १९२२ सालीं ‘पब्लिक ओपिनियन’ या ग्रंथांत योजिला, व तेथून तो विशेष रूढ झाला. रूपक मार्मिक आहे. खिळ्यांच्या पानांत चुकलेलें अक्षर उपटून दुसरें बसवितां येतें. ओतीव पत्र्यांत तें सहज बदलत नाहीं, आणि चूक असेल तर तीच चूक हजारों प्रतींवर उमटत राहते. या लेखांत आम्ही त्यास ‘ओतीव ठसा’ म्हणूं.

आतां उदाहरण. मिसूरी संस्थानांतील सेंट जोसेफ या गांवीं क्रिस रट व चार्ल्स अंडरवुड या दोघा गोऱ्या व्यापाऱ्यांची ‘पर्ल मिलिंग कंपनी’ नांवाची पिठाची गिरणी होती. कालवून लगेच तव्यावर टाकावें व जाड, फुगीर गोड धिरडीं करावीं, असें तयार मिश्रण त्यांनीं १८८९ सालीं विक्रीस काढलें. मालास नांव हवें होतें. त्या सुमारास तोंडास काळें फांसून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या नटांचे ‘मिन्स्ट्रल’ नांवाचे खेळ लोकप्रिय होते. अशा एका खेळांत रट यांनीं ‘ओल्ड आंट जेमायमा’ हें गीत ऐकलें व तेंच नांव पिठास दिलें, असें सांगतात. हें गीत १८७५ च्या सुमारास बिली करसँड्स या नटानें प्रसिद्धीस आणलें. करसँड्स स्वतः कृष्णवर्णीय होता. पण रंगभूमीवर त्यास जागा मिळाली ती हशा पिकविणाऱ्या त्याच ठरीव भूमिकेंत, ही गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. १८९० सालीं रट व अंडरवुड यांनीं हें मिश्रण व त्याचें नांव आर. टी. डेव्हिस यांच्या गिरणीस विकलें.

येथें मराठी वाचकांस एक खुलासा करणें अवश्य आहे. ‘आंट’ म्हणजे मावशी, आत्या किंवा काकू. आपल्याकडे परक्या वयस्क स्त्रीस मावशी म्हणणें हें आदराचें व आपुलकीचें लक्षण आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील प्रघात याच्या उलट होता. गोऱ्या स्त्रीपुरुषांस ‘मिसेस’ व ‘मिस्टर’ हीं मानाचीं उपपदें लावीत; वयस्क कृष्णवर्णीयांस तीं लावावयाचीं नाहींत म्हणून त्यांस ‘आंट’ व ‘अंकल’ म्हणत. तेव्हां डब्यावरचें हें नांव प्रेमाचें दिसलें, तरी मान नाकारण्याची एक रीति त्यांत गोठून राहिली होती. परभाषेंतील कागद वाचतांना शब्दाच्या कोशांतील अर्थाबरोबर त्याचा व्यवहारांतील अर्थ पाहणें किती जरूर आहे, याचा हा चांगला दाखला आहे.

नांव झालें, चित्र झालें. पुढें डेव्हिस यांनीं त्या चित्रास जिवंत माणूस जोडला. नॅन्सी ग्रीन ही स्त्री १८३४ सालीं केंटकी संस्थानांत गुलामगिरींत जन्मली होती. पुढें ती शिकागो येथें एका कुटुंबांत घरकाम करीत असे. डेव्हिस यांच्या गिरणीनें तिला ‘आंट जेमायमा’ची भूमिका करण्यास नेमलें, आणि १८९३ सालीं शिकागो येथें भरलेल्या जागतिक प्रदर्शनांत, डोक्यास रुमाल बांधून, प्रेक्षकांसमोर धिरडीं करीत व जुन्या मळ्यावरच्या गोष्टी सांगत ती उभी राहिली. गोष्टी गिरणीनें ठरविलेल्या होत्या. सांगणारी मात्र खरोखर गुलामगिरींतून आलेली होती. त्यामुळें कल्पित कथेस प्रत्यक्ष साक्षीदाराचें तेज चढलें.

याच प्रदर्शनांत वांटला गेलेला दुसरा एक कागद प्रत्येक संग्राहकानें या पहिल्या कागदाशेजारीं ठेवावा असा आहे. प्रदर्शनाच्या व्यवस्थेंतून व मांडणींतून कृष्णवर्णीय नागरिकांस जवळजवळ वगळलें होतें. त्याचा निषेध म्हणून आयडा बी. वेल्स या पत्रकार स्त्रीनें एक पुस्तिका काढली. कृष्णवर्णीय अमेरिकन या प्रदर्शनांत कां नाहीं याचें कारण सांगणारी, अशा अर्थाचें तिचें नांव होतें. तींत गुलामगिरींतून निसटून राष्ट्रीय कीर्तीस चढलेले वक्ते फ्रेडरिक डग्लस, आयर्व्हिन गार्लंड पेन व फर्डिनंड बार्नेट यांचेही लेख होते. दक्षिणेंतील कायदे, कैद्यांस मजुरीस भाड्यानें देण्याची पद्धति, जमावाकडून होणाऱ्या हत्या आणि मुक्तीनंतरच्या अवघ्या तीस वर्षांत या समाजानें शिक्षणांत व उद्योगांत केलेली प्रगति, हे तिचे विषय. परदेशच्या प्रेक्षकांसाठीं प्रस्तावना फ्रेंच व जर्मन भाषांतही छापली होती. डग्लस हे त्या वेळीं हैती देशाचे प्रतिनिधि म्हणून प्रदर्शनांत होते. त्यांच्या हैती मंडपांतून ही पुस्तिका वांटण्यांत आली. सुमारें १०,००० प्रति वांटल्या असें वेल्स यांनीं पुढें आत्मचरित्रांत लिहिलें आहे.

वाचकांनीं हा प्रसंग नीट डोळ्यांपुढें आणावा. एकच शहर, एकच साल, एकच प्रदर्शन. एकीकडे गुलामगिरींत जन्मलेली स्त्री पगारावर गुलामगिरीच्या सुखाच्या गोष्टी सांगत आहे. दुसरीकडे गुलामगिरींत जन्मलेला डग्लस व गुलामगिरींतच जन्मलेली वेल्स आपल्या समाजाची स्थिति स्वतःच्या सहीनें छापून वांटीत आहेत. पहिला कागद कोट्यवधि घरांत स्वयंपाकघराच्या फळीवर पोंचला. दुसरा कागद आज ग्रंथालयांत शोधावा लागतो. दोहोंपैकीं अधिक खरा कोणता याचा, आणि अधिक पसरला कोणता याचा, कांहीं संबंध राहिला नाहीं. ठसा टिकला तो खरेपणामुळें नव्हे. पुनरावृत्तीमुळें व मालाच्या गोडीमुळें.

आमच्याकडे बखरींच्या प्रामाण्याविषयीं पूर्वीं जो वाद झाला त्याचा येथें उपयोग होतो. प्रसंगानंतर पुष्कळ वर्षांनीं, कोणाच्या तरी आज्ञेवरून लिहिलेली बखर ही ज्या काळाचें वर्णन करते त्या काळाविषयीं दुबळा पुरावा होय. पण ती ज्या काळीं लिहिली गेली त्या काळाच्या समजुतींविषयीं व लिहविणाराच्या हेतूविषयीं ती उत्तम पुरावा असते. जाहिरातीचें तसेंच आहे. आंट जेमायमाचा जुना पत्ता हातांत आला तर कागद, शाई, छपाई सर्व अस्सल असते. पण चित्रांतल्या समाजाविषयीं त्याची साक्ष खोटी आहे; विकणाराविषयीं व विकत घेणाराविषयीं मात्र ती खरी व बारकाईची आहे. कागद अस्सल म्हणून मजकूर खरा, ही चूक संग्राहकांकडून वारंवार होते. आणि मजकूर खोटा म्हणून कागद टाकाऊ, ही तिची जुळी बहीण आहे.

या व्यापारी बखरीची वाढ कशी झाली तेंही पाहण्यासारखें आहे. मूळ गीतांत एक नांव होतें. कंपनीनें त्या नांवास चरित्र दिलें : लुइझियाना संस्थानांत कर्नल हिग्बी नांवाचा मळेवाला होता, आंट जेमायमा त्याची स्वयंपाकीण, आणि तिच्या धिरड्यांची कृति तिनें जिवापाड जपली होती. कर्नल कल्पित, मळा कल्पित, कृति गिरणींत मिसळलेली. पुढें तिच्या कापडी बाहुल्या निघाल्या, तिला कुटुंबही मिळालें. १९२० च्या सुमारास जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात-संस्थेनें मासिकांतून मोठमोठीं रंगीत पानें प्रसिद्ध केलीं, त्यांसाठीं एन. सी. वायथ यांसारख्या नामवंत चित्रकारानें चित्रें काढलीं. इतिहासाच्या पुस्तकांतील चित्रांसारखीच तीं दिसत, व वाचकास तीं इतिहासच वाटत. गीताचा आधार रंगभूमीस, रंगभूमीचा डब्यास, डब्याचा प्रदर्शनांतील स्त्रीस, आणि त्या स्त्रीचा पुन्हा मासिकांतील कथेस. असें हें एकमेकांस आधार देणारें चक्र आहे. बाहेरचा स्वतंत्र पुरावा त्यांत कोठेंही नाहीं.

ही कथा त्याच काळांत कां खपली, याचीं कारणें उघड आहेत. रेल्वेमुळें एका गिरणीचा माल संबंध देशांत जाऊं लागला. ओळखीच्या वाण्याकडून सुटें पीठ घेणारी गृहिणी आतां अनोळखी कारखान्याचा बंद डबा घेऊं लागली. तिचा विश्वास बसावा म्हणून डब्यावर एक ओळखीचा चेहरा पाहिजे होता. त्याच वेळीं घरकामास माणसें मिळणें कठीण होत होतें. डबा घेतला म्हणजे जणू स्वयंपाकीणच घरीं आली, असें जाहिरात सुचवीत असे. रंगीत शिळाछापाची छपाई स्वस्त झाल्यानें १८८० च्या सुमारास असे पत्ते घरोघर गेले. बायका-मुलें ते वह्यांत चिकटवून ठेवीत, म्हणूनच ते आज आपल्या हातीं येतात.

परंतु याहून मोठें कारण राजकीय होतें. ‘जिम क्रो’ हें मुळांत टी. डी. राइस या गोऱ्या नटानें १८३० च्या सुमारास रंगभूमीवर आणलेल्या एका नकली पात्राचें नांव. पुढें कृष्णवर्णीयांस वेगळे डबे, वेगळ्या शाळा, वेगळीं बांकें नेमून देणाऱ्या कायद्यांस लोकांनीं तेंच नांव दिलें. १८९६ सालीं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें ही विभागणी वैध ठरविली. अशा काळांत, जुन्या मळ्यावर सर्वजण सुखी होते व स्वयंपाकीण हंसतमुखानें चाकरी करीत होती, ही कथा वाचणाऱ्या गोऱ्या घरांस फार सोयीची होती. १९२३ सालीं वॉशिंग्टन येथें ‘एकनिष्ठ’ दाईंचें स्मारक उभारण्याचा ठराव दक्षिणेंतील स्त्रियांच्या एका संस्थेच्या पुढाकारानें देशाच्या सिनेट सभेंत मंजूर झाला. कृष्णवर्णीय समाजानें व त्याच्या वर्तमानपत्रांनीं तीव्र विरोध केला, आणि दुसऱ्या सभागृहांत तो मंजूर झाला नाहीं. त्याच वर्षीं नॅन्सी ग्रीन शिकागोच्या रस्त्यावर मोटारीच्या अपघातांत मरण पावली. कल्पित दाईस राजधानींत शिल्प मिळण्याची वेळ आली होती. खऱ्या बाईच्या थडग्यावर नांवाचा दगडही बसला नाहीं.

हें उदाहरण एकटें नाहीं. ‘क्रीम ऑफ व्हीट’ या गव्हाच्या रव्याच्या डब्यावर एक हंसतमुख आचारी असे. तो फ्रँक व्हाइट नांवाच्या आचाऱ्याच्या छायाचित्रावरून घेतला असें मानतात. जाहिरातींत त्यास ‘रास्टस’ हें नकली खेळांतलें चेष्टेचें नांव होतें. व्हाइट १९३८ सालीं मिशिगन संस्थानांत वारला व त्याच्या थडग्यावर दगड बसला तो २००७ सालीं. ‘अंकल बेन’ या तांदुळाच्या पुड्यावर फ्रँक ब्राऊन या शिकागोच्या उपाहारगृहांतील प्रमुखाचा चेहरा वापरला होता. मेक्सिकन वंशाच्या नागरिकांसही हाच अनुभव आला. १९६७ सालीं ‘फ्रिटो’ नांवाच्या तळलेल्या मक्याच्या कापांसाठीं ‘फ्रिटो बँडिटो’ हें चित्र निघालें : मोठ्या मिशांचा, रुंद टोपीचा, पिस्तुलें बाळगून लोकांचे काप लुटणारा चोर. मेक्सिकन-अमेरिकन संस्थांनीं जोराचा आक्षेप घेतला व १९७१ सालीं तें चित्र बंद झालें.

या सर्वांवरून ओतीव ठशाचीं तीन लक्षणें सांगतां येतात. पहिलें, नांव जातें : फ्रँक व्हाइट ‘रास्टस’ होतो, नॅन्सी ग्रीन ‘आंट जेमायमा’ होते, आणि हयात असतांनाच माणूस आपल्या चेहऱ्याचा मालक राहत नाहीं. दुसरें, काळ थांबतो : समाज शाळा काढतो, वर्तमानपत्रें चालवितो, शहरांत स्थलांतर करतो, डब्यावरची बाई मात्र १८६० च्या मळ्यावरच राहते. तिसरें, एकाच नात्यांत समाज दिसतो : चाकर म्हणून, चोर म्हणून किंवा विदूषक म्हणून, शेजारी, वाचक, ग्राहक म्हणून कधींच नाहीं. हीं तीन लक्षणें लावून पाहिलीं असतां कोणत्याही देशांतील जुन्या जाहिरातींची परीक्षा करतां येईल.

ज्या लोकांचीं हीं चित्रें काढलीं ते गप्प बसले होते, असा समज मात्र कोणी करून घेऊं नये. तोही एक ठसाच होय. गुलामगिरींतून मुक्त झालेली वक्ती सोजर्नर ट्रूथ ही १८६० नंतरच्या दशकांत आपलीं छायाचित्रें पत्त्यांवर छापवून विकीत असे : चष्मा, शाल, हातीं विणकाम, आणि खालीं स्वतःच्या नांवानिशीं मजकूर. फ्रेडरिक डग्लस यांनीं गोरे चित्रकार कृष्णवर्णीयांचे चेहरे पूर्वग्रहानें बिघडवितात अशी तक्रार १८४९ मध्येंच लिहून ठेविली, व स्वतः इतकीं छायाचित्रें काढविलीं कीं १९ व्या शतकांतील अमेरिकनांत सर्वांत अधिक छायाचित्रें त्यांचींच, असें अभ्यासकांचें मत आहे. १९०० सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत विल्यम डू बॉइस यांनीं कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या विभागांत ३६३ छायाचित्रांचे संग्रह व लोकसंख्या, जमीन, शिक्षण यांचे रंगीत आलेख मांडले. हे संग्रह आज वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयांत आहेत. त्यांतील वकील, विद्यार्थिनी, दुकानदार, कुटुंबें हीं पाहतांच डब्यावरचा ठसा किती अपुरा होता हें दिसतें. १९३२ सालीं पॉल एडवर्ड्स यांनीं दक्षिणेंतील शहरी कृष्णवर्णीय ग्राहकांविषयीं ग्रंथ लिहिला. त्यांत आंट जेमायमाची जाहिरात दाखवून लोकांची मतें घेतलीं, तेव्हां त्यांनीं ती नापसंत केल्याचें नोंदलें आहे. म्हणजे नापसंती आजची नव्हे. ती विचारणारेच थोडे होते.

संग्राहकांस विशेष अभिमानाची वाटावी अशी एक हकीकत येथें सांगितली पाहिजे. आर्थर शॉम्बर्ग हे १८७४ सालीं पोर्तो रिको बेटांत जन्मले. तुमच्या लोकांस इतिहास नाहीं, असें शाळेंत एका शिक्षकानें सांगितल्यावरून आपण पुरावा गोळा करावयास लागलों, असें ते सांगत. न्यूयॉर्कमध्यें बँकेंत नोकरी करून त्यांनीं ग्रंथ, हस्तलिखितें, चित्रें व पत्रकें जमविलीं. १९२६ सालीं कार्नेगी संस्थेनें दिलेल्या १०,००० डॉलरांतून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयानें तो संग्रह घेतला. त्यावरूनच आजचें हार्लेम येथील शॉम्बर्ग संशोधन-केंद्र उभें आहे. व्यापारी ठशास उत्तर दिलें तें कागद जपणाऱ्या एका नोकरदारानें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां ठशाच्या शेवटाविषयीं. हें चिन्ह १९२० नंतरच्या दशकांत ‘क्वेकर ओट्स’ कंपनीकडे गेलें. १९८९ सालीं डोक्याचा रुमाल काढून बाईस मोत्यांचीं कर्णभूषणें दिलीं. जून २०२० मध्यें, जॉर्ज फ्लॉइड यांच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर देशभर निदर्शनें झालीं, तेव्हां कंपनीनें नांव व चित्र दोन्ही काढण्याचें जाहीर केलें. २०२१ पासून तें पीठ ‘पर्ल मिलिंग कंपनी’ या मूळ गिरणीच्या नांवानें विकलें जाऊं लागलें. ‘अंकल बेन’ व ‘क्रीम ऑफ व्हीट’ यांचेही चेहरे त्याच सुमारास गेले.

चित्र काढलें हें योग्यच झालें, असें आमचें मत आहे. तथापि एक आक्षेप वजनदार आहे. नॅन्सी ग्रीननंतर अनेक स्त्रियांनीं हीच भूमिका केली होती. त्यांपैकीं टेक्सस संस्थानांतील लिलियन रिचर्ड हिच्या कुटुंबीयांनीं २०२० मध्यें म्हटलें कीं, चित्राबरोबर आमच्या आजीपणजींनीं केलेलें कामही पुसलें जाऊं नये. दुकानदारास चित्र काढून टाकणें पुरतें. इतिहासकारास पुरत नाहीं. ठसा फोडल्यानें त्याखालीं दडलेला माणूस आपोआप वर येत नाहीं. त्यास कागदांतून शोधावें लागतें. नॅन्सी ग्रीनच्या थडग्याचा शोध शिकागोच्या ब्राँझव्हिल इतिहास-संस्थेनें घेतला, आणि सप्टेंबर २०२० मध्यें, मृत्यूनंतर ९७ वर्षांनीं, तेथें तिच्या नांवाचा दगड बसला.

त्याच वेळीं उलट बाजूची एक दंतकथाही पसरली : नॅन्सी ग्रीन लक्षाधीश होऊन वारली, अशी. ती खोटी आहे. ती अखेरपर्यंत घरकाम करून राहत होती. तसेंच प्रदर्शनांत तिला पदक मिळालें, हजारों मागण्या आल्या, आजन्म करार झाला, या गोष्टी कंपनीच्या गौरवपर लेखनांतून पुढें आल्या असून त्यांस स्वतंत्र आधार मिळाल्याशिवाय त्या घेऊं नयेत. अन्याय झाला हें सिद्ध करण्यास खोट्या पुराव्याची गरज नसते. आणि सन्मान करण्यासही नसते.

हें सर्व दूरदेशचें आहे असें कोणी म्हणेल. पण महाराष्ट्राचा या विषयाशीं जुना संबंध आहे. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला तो अमेरिकेंतील गुलामांस मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांस अर्पण करून. मुक्तीनंतर त्याच समाजावर छापील बेडी कशी पडली, हें समजून घेणें म्हणूनच आपलेंही काम आहे. शिवाय हिंदुस्थानांतही असे ठसे ओतले गेले. १८६८ ते १८७५ या काळांत ‘पीपल ऑफ इंडिया’ या नांवानें आठ खंड सरकारी आश्रयानें निघाले. त्यांत येथील माणसांचीं छायाचित्रें बहुधा नांवाऐवजीं जातीच्या नांवानें दिलीं असून सोबतच्या मजकुरांत संबंध जातींच्या स्वभावाविषयीं निकाल दिले आहेत. त्याच काळांत, १८७१ सालीं, कांहीं जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा झाला. तो रद्द व्हावयास १९५२ साल उजाडलें. चित्र, त्याखालचा मजकूर व कायदा यांचें हें साहचर्य अमेरिकेपेक्षां फार निराळें नाहीं.

तेव्हां ज्यांच्या संग्रहीं जुनीं दिनदर्शिकेचीं चित्रें, काड्यापेट्यांचे कागद, कापडाच्या ठाणांवरचीं चित्रें किंवा नाटकमंडळ्यांचीं हस्तपत्रकें असतील, त्यांस आमची विनंती आहे कीं, नोंद करतांना पुढील गोष्टी अवश्य लिहाव्या. कागद कोणी छापला, कोणासाठीं छापला व केव्हां. पाठीमागें काय आहे. किंमत, पत्ता, शिक्के बहुधा तेथेंच सांपडतात. चित्रांत कोणता समाज आहे, त्यास कोणतें काम करतांना दाखविलें आहे, आणि चित्रासाठीं बसलेल्या माणसाचें नांव कळत असल्यास तें. मूळ शीर्षकांतील अपमानकारक शब्द पुसूं नये. पण तो आपला शब्द म्हणून वापरूंही नये, अवतरणांत ठेवावा. खोट्या जुनेपणाच्या नकला बाजारांत फार आहेत. त्यांची छपाई व कागद तपासावा. आणि शेवटीं, त्याच समाजानें त्याच काळांत स्वतःविषयीं काय लिहिलें वा छापलें, तो कागद शोधून या कागदाशेजारीं ठेवावा. शिकागोच्या १८९३ च्या प्रदर्शनांतील पत्ता व पुस्तिका हे दोन्ही एका बासनांत असले, तरच त्या प्रदर्शनाचा इतिहास लिहितां येतो. पत्ता एकटा असला तर गिरणीची जाहिरात तेवढी पुन्हा छापली जाते.